रोप सुकलंय? हातातला मग आधी खाली ठेवा

रोपानं मान टाकली की पाणी घालायचं, हे सगळ्यांना पाठ असतं. माझ्या मेसमधली मुलं जेवण झाल्यावर गच्चीवर हवा खायला जातात आणि जाता जाता वांग्याच्या कुंडीत मगभर पाणी ओततात. हेतू चांगलाच असतो, पण कित्येकदा ते वांगं जास्त पाण्यानंच सुकलेलं असतं. एकेकाला समजावत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढावं म्हटलं.

मी इंदूरला सुदामा नगरात राहते. सकाळी चोइथराम मंडीतून मेससाठी पालेभाज्या येतात. गच्चीवर मिरची, वांगी, टोमॅटो, कढीपत्ता, भोपळा आणि पावसाळ्यात गिलकी असा पसारा आहे. होळकर सायन्स कॉलेजात बॉटनी घेऊन बीएस्सी केलं होतं. त्यातलं बरंचसं पुसलं गेलं, पण टर्गर प्रेशरचा, म्हणजे पेशीतल्या पाण्याच्या दाबाचा, धडा विसरायची सोयच नाही. सकाळी विळीपाशी आणि संध्याकाळी गच्चीवर तो पुन्हा पुढ्यात येतो.

रोप उभं राहतं ते कशाच्या जोरावर

कडुलिंबाच्या फांदीत लाकूड असतं. ती वाळली तरी वाकत नाही. मेथीच्या काडीत, टोमॅटोच्या कोवळ्या शेंड्यात, पानाच्या देठात लाकूड जवळजवळ नसतंच. तिथं सगळा भार पाण्याच्या दाबावर.

पेशीच्या आत रसानं भरलेली एक मोठी पिशवी असते, तिला रिक्तिका म्हणतात. पूर्ण वाढलेल्या पेशीत बहुतेक जागा तीच व्यापते. तिच्यात साखर, पोटॅशियम, आम्लं असं काय काय विरघळलेलं असतं. पेशीचा पडदा पाण्याला आत येऊ देतो, पण या विरघळलेल्या ऐवजाला सहजी बाहेर सोडत नाही. बाहेरचं पाणी पातळ, आतलं दाट, म्हणून पाणी आत शिरत राहतं. पेशी फुगते आणि बाहेरच्या सेल्युलोजच्या भिंतीला रेटते. भिंत थोडी ताणते, मग तीही उलट रेटते. पानांच्या पेशींत हा दाब साधारण ४ ते ८ बार असतो. मोटारीच्या टायरमध्ये सव्वादोन बारच्या आसपास हवा भरतात. म्हणजे कोथिंबिरीच्या पानातली एकेक पेशी टायरच्या दुप्पट-तिप्पट दाबानं टम्म असते, आणि तिची भिंत बहुधा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकीही जाड नसते.

नुसत्या साखरेनं एवढा दाब येतो यावर विश्वास बसत नसेल तर विल्हेल्म फेफर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाचा १८७७ सालचा प्रयोग आठवावा. त्यानं मातीच्या सच्छिद्र भांड्यात एक रासायनिक पडदा तयार केला. त्यातून पाणी जायचं, साखर जायची नाही. आत साखरेचं पाणी, बाहेर साधं पाणी. फक्त एक टक्का साखरेच्या पाण्यानं पारा अर्ध्या मीटरच्या वर चढवला. आपण पोह्यांवर भुरभुरवतो तेवढी साखर, आणि हा जोर.

या सगळ्याचं सार तीन प्रश्नांत येतं. पेशीचा पडदा जिवंत आहे का? बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा पातळ आहे का? आणि जेवढं पाणी पानांतून उडतंय तेवढं मुळांतून किंवा देठातून येतंय का? तिन्हींचं उत्तर होय असेल तर रोप ताठ असतं. सुकलेलं काहीही समोर आलं की मी हे तीन प्रश्न विचारते आणि मगच हात लावते.

आधी बटाट्यावर करून बघा

वाचून पटतं, पण बोटांना कळलं की पक्कं होतं. कच्च्या बटाट्याच्या करंगळीएवढ्या लांब फोडी कापा, सगळ्या सारख्या जाडीच्या. दोन पेले घ्या. एकात साधं पाणी, दुसऱ्यात पाण्यात एक चमचा मीठ सपाट भरून. दोन्हींत फोडी बुडवून तासभर ठेवा. साध्या पाण्यातली फोड वाकवायला गेलात तर कट्‌ करून मोडते. मिठातली रबरी होते, वाकवली तर मोडत नाही. मिठाच्या पाण्यानं तिच्या पेशींतलं पाणी बाहेर ओढून घेतलं, दाब गेला.

आता ती मऊ फोड धुऊन साध्या पाण्यात टाका. फार वेळ मिठात राहिली नसेल तर ती पुन्हा कडक व्हायला लागते. शेजारी उकडलेल्या बटाट्याची एक फोडही ठेवा. ती कुठल्याही पाण्यात ठेवली तरी ताठ होणार नाही, कारण उष्णतेनं पडदेच फाटलेत. पालक उकळत्या पाण्यात टाकल्यावर परातभर ढिगाचा मूठभर गोळा होतो, त्याचंही कारण हेच. फ्रीजरमध्ये गोठलेली कोथिंबीर बाहेर काढली की काळपट, लिबलिबीत होते, कारण बर्फाच्या स्फटिकांनी पडद्यांची वाट लावलेली असते. अशा वस्तूला पाण्यात ठेवून काही उपयोग नाही. थेट चटणीत घाला.

विळीपाशी

दुपारी आलेली मेथी-कोथिंबीर मे महिन्यात मंडीतून घरी येईपर्यंतच माना टाकते. पण ती बहुधा मेलेली नसते. वरून पाणी उडून गेलं आणि खालून मिळालं नाही, एवढंच. जुडीच्या देठांची टोकं बोटभर कापा. जुनं टोक सुकून बंद झालेलं असतं, ताजं कापलं की पाण्याच्या नळ्या उघड्या होतात. मग जुडी गार पाण्याच्या पातेल्यात देठांवर उभी करा आणि वरून पिशवी सैलसर घाला. पिशवी महत्त्वाची. पानांभोवतीची हवा दमट राहिली तर पाणी उडणं थांबतं आणि देठातून आलेलं सगळं पानांच्या उपयोगी पडतं. अर्ध्या तासात फरक दिसतो, दोन तासांत जुडी उभी. गरम पाणी नको, आणि पिवळी पानं आधीच निवडून टाका, ती काही हिरवी होत नाहीत.

उरलेली जुडी फ्रीजमध्ये उघडी ठेवू नका. फ्रीजमधली हवा कोरडी असते. ओलसर पंचात गुंडाळून डब्यात ठेवा. मुळा आणि गाजर आणलं की पाला लगेच कापून वेगळा करा. पाला कंदातलं पाणी ओढत राहतो आणि दोन दिवसांत मुळा पोकळ, रबरी होतो. पाल्याची भाजी त्याच दिवशी करा.

काकडीच्या कोशिंबिरीला मीठ पानं वाढताना घालायचं हे आई सांगायची, कारण सांगायची नाही. बटाटा बघितलात ना, तेच. मीठ लागलं की काकडी पाणी सोडते आणि पाच मिनिटांत वाडगाभर पाण्यात मऊ चकत्या पोहायला लागतात. उलट कैरीच्या लोणच्याला तेच हवं असतं. फोडींना मीठ चोळून ठेवतो ते पाणी बाहेर काढायलाच. आणि अंगावर इतकं मीठ असलं की बुरशी-जंतूंच्या पेशीही आपलं पाणी गमावतात, म्हणून लोणचं टिकतं.

गच्चीवर: दुपारचं रडणं खरं मानू नका

इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. एप्रिल-मे महिन्यात इंदूरला दुपारी लू चालते, पारा चाळीसच्या वर जातो. भोपळ्याची मोठी पानं छत्रीची कापडं गळून पडावी तशी खाली येतात. बुऱ्हाणपूरचा एक मुलगा घाबरून म्हणाला, "काकू, वेल गेला की हो!" गेलाबिला काही नाही. पानांवरच्या रंध्रांतून, म्हणजे बारीक छिद्रांतून, पाणी इतक्या वेगानं उडतंय की मुळं पुरवठा करून थकली आहेत. संध्याकाळी ऊन उतरलं की रंध्रं मिटायला लागतात. हेही दाबाचंच काम: रंध्राच्या दोन्ही बाजूंच्या पेशी फुगल्या की फट उघडते, सैल पडल्या की मिटते. रात्री मुळं शांतपणे पाणी भरत राहतात. माळव्याच्या रात्री गार असतात, त्याचा फायदा माणसांपेक्षा भोपळ्यालाच जास्त.

म्हणून सुकलेलं रोप तपासायची वेळ पहाटेची, सूर्य वर यायच्या आधीची. संशोधकसुद्धा पानातली पाण्याची ओढ पहाटेच मोजतात, कारण रात्रभरात पान आणि माती एका पातळीवर आलेली असते. पहाटे पानं ताठ असतील तर दुपारी काय झालं ते विसरा आणि फार तर हिरवी जाळी लावा. पहाटेही मान खालीच असेल तर मात्र खरी गडबड आहे. मग बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत घाला.

कोरडं लागलं तर

उत्तर सोपं वाटतं, पण काळ्या मातीत ते सोपं नसतं. आमच्या इथली काळी माती वाळली की आकसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली उतरतं, भोकातून वाहून जातं आणि आपल्याला वाटतं, भरपूर पाणी दिलं. मधला मातीचा गोळा कोरडाच. अशी कुंडी बादलीत किंवा टबात ठेवा. पाण्याची पातळी कुंडीच्या काठाच्या जरा खाली. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत ठेवा, मग काढून सावलीत निथळू द्या. लहान रोप असेल तर संध्याकाळपर्यंत उभं राहतं. एकदा पूर्ण वाळलेलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, तेही पाणी झिडकारतं, त्यालाही हेच.

काळ्या मातीचा दुसरा खोडसाळपणा असा की ती हाताला ओलसर लागते आणि तरी झाड सुकतं. चिकणमातीचे बारीक कण पाण्याला इतकं घट्ट धरून ठेवतात की मुळांना ते ओढून घेता येत नाही. बहुतेक पिकांची ताकद १५ बारच्या आसपास संपते असं धरतात. तेवढ्या ओढीला वाळूत जेमतेम चार-पाच टक्के पाणी उरलेलं असतं, पण भारी चिकणमातीत वीस टक्के किंवा त्याहूनही जास्त. ते पाणी आहे, मोजता येतं, पण झाडाच्या उपयोगाचं नाही. म्हणून कुंडीसाठी नुसती काळी माती भरू नका. एक भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाड वाळू किंवा कोकोपीट. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. नर्मदाकाठच्या जलूदहून सत्तर किलोमीटरवरून, घाट चढून आलेलं ते पाणी. दोन पाण्यांमधला दिवस मिश्रणाच्या कुंडीत निभतो, नुसत्या मातीत नाही.

ओलं लागलं तर

इथे पाणी घालणं म्हणजे आगीत तेल. मुळांना श्वास घ्यायला हवा लागते. माती पाण्यानं गच्च भरली की हवा संपते, मुळांच्या पेशी गुदमरतात आणि त्यांच्या पडद्यांतले पाण्याचे दरवाजे बंद होतात. दरवाजे हे खरोखरचे, अ‍ॅक्वापोरिन नावाची प्रथिनं. त्यांच्या शोधासाठी पीटर अ‍ॅग्री यांना २००३ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणजे रोप पाण्यात उभं असतं आणि वर पानं तहानेनं सुकतात. जुलै-ऑगस्टमध्ये हे सर्रास होतं.

पाणी बंद. कुंडीचं भोक काडीनं मोकळं करा, कुंडी दोन विटांवर चढवा म्हणजे खालून हवा लागेल. ताटली ठेवली असेल तर काढा. रोप सावलीत न्या, पानं जास्त असतील तर थोडी कापा, कारण अधू मुळांवर पानांचा भार कमी करायचाय. मातीला कुबट वास येत असेल आणि मुळं तपकिरी, बोटात धरली तर सालटं निघतात अशी असतील, तर कुजलेली कापून नव्या मातीत लावा. पांढरी मुळं दिसली तर आशा आहे.

माती ठीक, तरी रोप सुकतंय

मग दुसरा प्रश्न: बाहेरचं पाणी पातळ आहे का? कुणी प्रेमानं चमचाभर डीएपी किंवा युरियासारखं रासायनिक खत टाकलंय का, आठवून बघा. मातीतल्या पाण्यात खत जास्त विरघळलं की बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा दाट होतं आणि मुळांची स्थिती मिठातल्या बटाट्याच्या फोडीसारखी होते. पानांच्या कडा आधी करपतात, त्यावरून ओळखू येतं. बोअरच्या खाऱ्या पाण्यानं हेच हळूहळू होतं. कुंडीच्या काठावर पांढरी खपली धरते. ती खरवडून काढा आणि नर्मदेच्या पाण्यानं कुंडी धुऊन काढा: कुंडीच्या मापाच्या दुप्पट-तिप्पट पाणी, थांबत थांबत, खालून वाहू देत. हे एकमेव प्रकरण आहे ज्यात ओल्या कुंडीतही भरपूर पाणी घालते, आणि त्यासाठी निचरा उत्तम हवा, नाहीतर मागच्या दुखण्याकडे परत जाल. यापुढे खत चिमटीनं, ओल्या मातीत, आणि सुकलेल्या रोपाला कधीच नाही. "अशक्त झालंय, टॉनिक देऊ" हा विचार माणसांसाठी ठेवा.

लाजाळूचं रोप ठेवलं असेल तर त्याच्या बाबतीत हे काहीच करू नका. हात लावल्यावर त्याच्या पानाच्या बुंध्याशी असलेल्या फुगवट्यातल्या एका बाजूच्या पेशी पोटॅशियम आणि पाणी झटक्यात बाहेर टाकतात, दाब जातो, पान पडतं. थोड्या वेळानं पाणी परत भरतं. जगदीशचंद्र बोस यांनी या रोपावर वर्षानुवर्षं काम केलं. मेसची मुलं त्याला दिवसभर छेडतात, तेवढं मात्र थांबवा, दर वेळी त्याची ताकद खर्च होते.

रोपं हलवताना

मिरची-टोमॅटोची रोपं वाफ्यातून कुंडीत नेताना मुळांची बारीक टोकं तुटतातच, आणि पाणी शोषायचं बरंचसं काम तीच करतात. पानं मात्र तेवढीच राहतात. म्हणून लावणी संध्याकाळी करा, मुळांभोवतीची माती सुटू देऊ नका, दोन-तीन दिवस सावली द्या. लावणीच्या आधी काही दिवस पाणी थोडं तोडा. रोप जरा ताणात राहिलं की पेशींमध्ये साखर-क्षार जास्त साठवतं आणि नव्या जागी पाणी ओढायला त्याला जोर मिळतो. लाडानं रोज भिजवलेली रोपं लगेच लोळतात, ती यामुळेच. जास्वंदीची फांदी लावताना मोठी पानं अर्धी कापा आणि वर पिशवी घाला, मुळं फुटेपर्यंत पाणी उडू द्यायचं नाही.

फुलदाणीतल्या गुलाबानं मान टाकली तर बहुतेक वेळा देठात हवेचा बुडबुडा किंवा जंतूंचा गाळ अडकलेला असतो. देठ पाण्यातच बुडवून टोक तिरकं कापा, खालची पानं काढा, पाणी रोज बदला. पाण्यात चमचाभर साखर आणि थोडं लिंबू चालतं.

सगळं तपासून झालं आणि तरी वांगं किंवा टोमॅटो, हिरवंगार असतानाच, एका-दोन दिवसांत शेंड्यापासून लोळलं, पहाटेही उठलं नाही, माती नीट, खत नाही, तर मर रोगाचा संशय घ्या. खोडाचा बुंध्याजवळचा वीतभर तुकडा कापा आणि काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात, टोक जेमतेम बुडेल असा, न हलवता लटकवा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधट धागा खाली उतरताना दिसला तर तो जिवाणूंचा. त्यांनी पाण्याच्या नळ्याच बुजवल्यात, वरच्या पेशींना पाणी पोहोचायचा रस्ता राहिलेला नाही. इथे कुठलीही युक्ती चालत नाही. रोप मुळासकट उपटून पिशवीत बांधून कचऱ्यात द्या, खतात टाकू नका. विळा आणि हात साबणानं धुवा. त्या कुंडीतली माती दुसऱ्या कुंडीत मिसळू नका आणि पुढे त्यात वांगं, टोमॅटो, मिरची, बटाटा यांतलं काहीच लावू नका. मी अशा कुंडीत लसूण टोचते, पातीच्या चटणीला होतो.